रामधन मिस्त्रींचा हात

रामधन मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी मालकाला गप्प करायचे. आवाज कधीपासून येतो, कोणत्या बाजूने येतो, नांदेडच्या गॅरेजवाल्याने काय सांगितलं आणि मेहुण्याचं त्यावर काय मत आहे, हे सगळं मालकाच्या ओठावर तयार असायचं. मिस्त्री हात वर करून म्हणायचे, "तुमी बसा. गाडीला सांगू द्या." मग किल्ली घेऊन एकटेच गाडीत बसायचे आणि वारंगा फाट्यावरून जो रस्ता मोकळा दिसेल त्या रस्त्याने निघून जायचे. कधी दहा मिनिटांत परतायचे, कधी तासाने. मालक तोवर शेडच्या सावलीत जुन्या टायरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रका बघत राहायचा.

हिंगोलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या गाडीत मागून खडखड यायची. तीन गॅरेजं फिरून झाली होती, मागचे शॉकअप बदलून झाले होते, तरी आवाज तसाच. मिस्त्री गाडी घेऊन गेले आणि आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. व्यापाऱ्याच्या लेकीच्या सासरी पोचवायचं तूप सीटच्या खाली महिनाभर तसंच राहून गेलं होतं. डबा त्यांच्या हातात देऊन मिस्त्री म्हणाले, "तूप गेलं. गाडी बराबर हाये." आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. मिस्त्री हसले नाहीत. ते पुढच्या गाडीखाली शिरले होते.

मी त्यांना ओळखू लागलो तो बदली होऊन कळमनुरी तालुक्यात आल्यावर. मी जनावरांचा डॉक्टर. हाताखाली बरीच गावं, तांडे, वस्त्या आणि रस्ते असे की गाडी जाते तिथे जनावर आजारी पडत नाही. माझी गाडी जुनी होती. मी तिचा तिसरा मालक. माझ्या आधीच्या दोघांनी तिच्यावर दया केलेली नव्हती, आणि माझ्या कामात मलाही करता येत नव्हती. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी फाट्यावर थांबणं व्हायचंच.

मिस्त्री तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. उंच माणूस, पण आयुष्यभर वाकून काम केल्यामुळे उभे राहिले तरी काहीतरी शोधत असल्यासारखे दिसायचे. अंगात खाकी शर्ट, त्याचं वरचं बटण मी कधी पाहिलं नाही. चष्म्याच्या काड्यांना बांधलेली सुतळी मानेमागे. चेहरा कायम दमलेला. सकाळी आठ वाजता पाहिला तरी दिवसभर काम करून आल्यासारखा. एकदा मी विचारलं, "थकलात का मिस्त्री?" ते म्हणाले, "थकून कुणाला सांगावं?" आणि पाना मागितला.

फाट्यापासून पाच-सहा किलोमीटरवर त्यांचा तांडा. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखातून फिरलेले, बाप शेतीला लागलेला. रामधन पोरवयात हिंगोलीला एका उस्तादाकडे गॅरेजात राहिले. हा उस्ताद फार कडक असावा. मिस्त्री सांगायचे की पहिलं वर्षभर त्याने पान्याला हात लावू दिला नाही, नुसतं ग्रीस चोळायला लावलं. दुसऱ्या वर्षी डोळ्यांवर फडकं बांधून चाक बसवायला लावायचा. चाकाचं बेअरिंग किती आवळायचं, किती सैल सोडायचं, हे डोळ्याला दिसत नाही, बोटाला समजतं. चुकलं तर फडकं न सोडताच पाठीत धपाटा. "आँख धोका देती रे, हात नै देता," हे त्या उस्तादाचं वाक्य मिस्त्री त्याच्याच बोलीत म्हणायचे. ते म्हणताना आवाज जरा मऊ व्हायचा, एरवी तो कोरडा असे.

हाताबद्दल ते फार सांभाळून असायचे. दुपारी भाकरी खायच्या आधी बारीक रेती आणि कपड्याचा साबण घेऊन हात धुवायचे, तेही तीनदा. बोटं वर धरून उन्हात वाळवायचे. जेवण त्यांची बायको शांताबाई तांड्यावरून घेऊन यायची. बोलायला मोकळी बाई. नवऱ्याने जे बोलायचं टाळलेलं असे ते सगळं तीच बोलायची. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला तिच्याकडूनच कळलं. गोळ्या दिल्यात, पण आठवडा घेतात, पंधरा दिवस विसरतात. चहात साखर तीन चमचे. एक दिवस ती मला म्हणाली, "डाक्टर, तुमी तरी सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी बैलाचे डॉक्टर. बैलाला चहा लागत न्हाई." शांताबाई हसली, मीही हसलो आणि विषय तिथेच संपला. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

कारण खुणा दिसत होत्या. एकदा ते शेडमधून रस्त्यापलीकडच्या टपरीकडे निघाले. अर्ध्या रस्त्यात उजव्या पायातली चप्पल निसटून मागे पडली. त्यांना कळलंच नाही. एक पाय अनवाणी, खाली मे महिन्याचं डांबर, आणि ते तसेच पलीकडे जाऊन चहा पीत उभे राहिले. कुणीतरी चप्पल उचलून आणून दिली तेव्हा त्यांनी आधी चपलेकडे आणि मग पायाकडे पाहिलं. लोकांनी चेष्टा केली, माणूस कामात किती बुडालेला असतो बघा. बोटांवर भाजल्याचे डाग असायचे तेही आम्ही धंद्यातलेच धरले. गरम सायलेन्सरला हात लागतोच. गाय चारा खात नाही म्हटल्यावर सात प्रश्न विचारणारा मी, त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

माझ्या गाडीचा तो आवाज सुरू झाला फेब्रुवारीच्या अखेरीला. आखाडा बाळापूरकडे जाताना एका खड्ड्यात पुढची दोन्ही चाकं जोरात आदळली होती. मिस्त्रींनी दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली, ब्रेक साफ केले, ग्रीस भरलं. गाडी दोन दिवसांनी मिळाली, उत्तम चालली. तिसऱ्या दिवशी पन्नासच्या वर वेग गेला आणि घूं असा आवाज सुरू झाला. लांबवर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. पन्नासच्या खाली आलं की बंद. वर गेलं की पुन्हा.

तसा काही मोठा आवाज नव्हता तो. शेजारी बसलेला माणूस बोलत असेल तर ऐकू यायचा नाही. पण मी एकटाच फिरायचो. त्या वर्षी लसीकरणाचा फेरा लांबला होता, ऊन लवकर तापलं होतं, दिवसाकाठी शंभर-सव्वाशे किलोमीटर होत होते. कानात माशी शिरावी आणि निघू नये तसं झालं. घरी जेवायला बसलो तरी तो ऐकू यायचा. बायको म्हणायची, "पंखा आहे तो." मी उठून पंखा बंद करून बघायचो.

मिस्त्रींनी मला नेहमीसारखं टायरवर बसवलं आणि गाडी घेऊन गेले. आले. दुसऱ्यांदा गेले. मग म्हणाले, "चाकातून वाटते. पर कोन्या चाकातून, ते सांगून न्हाई राहिली."

त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघं त्या आवाजामागे होतो. मला गाडी रोज लागायची, त्यामुळे सकाळी कामावर निघताना नाहीतर दुपारी परतताना मी फाट्यावर थांबायचो. ते हातातलं काम ठेवून शेजारी बसायचे. त्यांची पद्धत मी तेव्हा नीट पाहिली. एका वेळी एकच गोष्ट. पहिल्या दिवशी वेगात असताना गाडी न्यूट्रल करायला लावली. आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन सुटलं. दुसऱ्या दिवशी डांबरावरून नव्या सिमेंटच्या पट्ट्यावर नेली. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, हा बदलला नाही. तरीही पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहिले. काही नाही. छपरावरचा कॅरिअर काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवला. वाऱ्याचा असेल तर जाईल. गेला नाही. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडे-उजवीकडे झुलवायला लावली. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, तिथलं बेअरिंग बिघडलं असेल तर आवाज वाढतो. उजवीकडे वळताना उलट. आमचा आवाज दोन्हीकडे सारखाच.

आणि दर वेळी शेवटी एक गोष्ट. ते मला ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायला सांगायचे, कारण ब्रेक लावला की चाक त्यानेच गरम होतं. गाडी थांबली की उतरून चारही चाकांच्या मध्यावर बोटं टेकवून बघायचे. बेअरिंग अडत असेल तर चाकाचा मधला भाग तापतो. चारही चाकांना हात लावून झाला की म्हणायचे, "थंड हाये. सारखे हायेत चारी."

एकदा मी भीत भीत म्हटलं, "मिस्त्री, नवीन बेअरिंगच खराब निघाली असतील का?" त्यांनी दोन्ही पुढची चाकं पुन्हा उघडली, बेअरिंग धुऊन उजेडात फिरवून पाहिली. निर्दोष. पुन्हा ग्रीस भरून स्वतःच्या हाताने आवळून बसवली. "हे म्या बसवलंय," ते म्हणाले, "ह्याच्यात न्हाई." मी त्यानंतर तो विषय काढला नाही. आवाज होताच.

त्या तीन आठवड्यांत ते मला आणखी दमलेले दिसू लागले. दुसऱ्या गाडीचं काम करतानाही मध्येच थांबून माझ्या गाडीकडे बघायचे. शांताबाईने सांगितलं की जेवता जेवता हात थांबतो त्यांचा. एकदा मीच म्हणालो, "सोडा मिस्त्री, मला सवय झाली आता." ते म्हणाले, "तुमाला व्हईल. चाकाला न्हाई व्हत. कवातरी सुटंल ते, आन् तवा तुमी सत्तरच्या वेगात असाल."

मार्च संपत आला होता. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही नांदेडच्या बाजूला वीसेक किलोमीटर जाऊन परत आलो. मी ब्रेक न लावता गाडी शेडसमोर थांबू दिली. मिस्त्री उतरले. एक एक करून चारही चाकांना हात लावला. "थंड," ते म्हणाले आणि पाणी प्यायला वळले.

मी का उतरलो ते सांगता येणार नाही. माझ्या कामाची सवय म्हणा. गाईला ताप आहे का, कासेला सूज आहे का, हे बघायचं तर मी हाताचा मागचा भाग टेकवतो, तिथली कातडी पातळ असते. तसाच मी पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यावर हाताचा मागचा भाग टेकवला आणि झटकन मागे घेतला. तव्यावर टेकला असावा तसा चटका बसला होता. मग डाव्या चाकाजवळ गेलो. तिथे हात टेकवायची गरज पडली नाही, बोटभर अंतरावरूनच धग लागत होती. मागची दोन्ही चाकं मात्र खरोखर थंड होती.

मी वळलो तर मिस्त्री तांब्या हातात धरून माझ्याकडेच बघत होते. मी हात मागे कसा घेतला ते त्यांनी पाहिलं होतं.

ते आले, उकिडवे बसले आणि उजव्या चाकावर आपला हात ठेवला. पुरता तळवा. चेहरा माझ्याकडे. मी काहीतरी सांगेन म्हणून ते वाट बघत होते, आणि हात तिथेच होता. मी त्यांचं मनगट धरून ओढलं. तळव्याची कातडी बोटांच्या मुळाशी पांढरी पडली होती.

"गरम हाये?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यांनी तळहात डोळ्यांजवळ नेला. कुणीतरी दुरुस्तीला आणलेली वस्तू बघावी तसा उलटासुलटा करून पाहिला. मग शेडमध्ये जाऊन, मालक बसायचे त्या टायरवर बसले. मी बादलीत पाणी आणलं, त्यांचा हात त्यात धरला. त्यांना मी सांगितलं की साखरेमुळे असं होतं, नसा मरतात, आधी पाय जातात, मग बोटं. हळूहळू जातं म्हणून माणसाला कळत नाही. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग म्हणाले, "म्हंजे दोन्ही चाकं म्या जास्त आवळली. बोटाला लागलंच न्हाई, म्हून आवळीत गेलो." थोडं थांबून म्हणाले, "दोन्ही सारखीच आवळली, म्हून डावं-उजवं कळंना."

तीन आठवडे ज्या उत्तरामागे होतो ते मिळालं होतं. ते सांगताना आवाजात ना दुःख होतं ना राग. गणित सुटल्यावर माणूस सांगतो तसं त्यांनी सांगितलं. शांताबाई डबा न्यायला आली, तिने बादलीतला हात बघितला आणि पहिल्यांदाच काही न बोलता खाली बसली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला चाक आवळायला शिकवलं. ते शेजारी उकिडवे बसले, हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा. चाक जड झालं की थांबायचं. मग नट पूर्ण सैल सोडायचा. पुन्हा आवळायचा, पण आता पाना नाही, नुसत्या दोन बोटांनी. "बोटाला लागलं का सांगा. गाय तपासता तसंच. जोर न्हाई करायचा." लागलं म्हणालो तेव्हा म्हणाले, "बस. पिन घाला." आम्ही गाडी घेऊन निघालो. साठ, सत्तर. आवाज नव्हता. इतक्या दिवसांनी गाडीत काही ऐकू येत नव्हतं आणि आम्हा दोघांनाही त्याचा आनंद झाला नाही.

परत येताना ते म्हणाले, "अजून कोन्या कोन्या गाडीला म्या चाकं बसवली, ते काढाय पायजे."

वहीत त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. डोळे मिटून त्यांनी एक एक गाडी आठवली. दिवाळीपासून मोजायचं ठरवलं, त्याच्या आधी हात ठीक होता असं त्यांना वाटत होतं. काही गाड्यांना दुसऱ्या पद्धतीचं बेअरिंग होतं, त्यात आवळण्याचा प्रश्न नव्हता, त्या सोडल्या. अकरा उरल्या. मी म्हटलं, फोन करून बोलावून घेऊ. ते म्हणाले, "बोलावल्यावर येतील उद्या-परवा. चाक थांबत न्हाई तोवर." मग मी दोन दिवसांची रजा टाकली आणि रविवार धरून आम्ही तीन दिवस फिरलो. औंढ्याकडे सिद्धेश्वरच्या धरणाजवळ मासे वाहणारी एक जुनी जीप होती, एक पाण्याचा टँकर, मेंढरं नेणाऱ्या एका धनगराची पिकअप. कुठे मालक घरी नसायचा, कुठे गाडी शेतात गेलेली. थांबायचं, ऊन खायचं, चाकाला मी हात लावायचा, चाक उघडायचं, सैल करायचं, मी दोन बोटांनी बसवायचं. मिस्त्री शेजारी बसून नुसतं बघायचे. दर वेळी मालकाला आपणच सांगायचे की चूक माझी होती. मी एकदा म्हटलं, नुसती तपासणी आहे म्हणून सांगा, काय बिघडतं? त्यांनी मान हलवली. "मंग तो पुढच्या टायमाला बी माझ्याचकडं यील."

अकरातल्या सहा गाड्यांची चाकं गरम निघाली.

दहावी गाडी त्यांच्या स्वतःच्या तांड्यावरची. सुभाष नावाच्या माणसाची जीप. एरवी तो त्यातून तांड्यावरची लेकरं फाट्यावरच्या शाळेत पोचवायचा. त्या रविवारी लग्नाचं वऱ्हाड हिंगोलीला निघालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा जीप भरलेली होती. बायका, लेकरं, मागे तीन म्हातारे. सुभाष नुकताच पाहुणे घेऊन एक खेप करून परत आलेला. मी उजव्या चाकाजवळ वाकलो. चाकाच्या टोपीतून वितळलेलं ग्रीस गळून धुळीत काळा ओघळ उतरला होता. हात लावायची गरजच नव्हती.

सुभाष म्हणाला, "मिस्त्री, माणसं बसलीत. लग्न लागायचं हाये. उद्या सकाळी आणतो गाडी."

मिस्त्री जीपच्या समोर जाऊन उभे राहिले. "उतरवा सगळ्यांला," ते म्हणाले.

"काहून पण?"

"चाक म्या बसवलंय. चुकीचं बसवलंय."

मागच्या बाजूने एक म्हातारा, नात्याने मिस्त्रींचा चुलता लागणारा, म्हणाला, "रामधन, तुझ्या हातचं चाक हाये म्हणून तर लेकरं घेऊन बसलोत."

मिस्त्रींनी फडकं गुंडाळलेला हात वर केला. तो सगळ्यांना दिसेल असा धरला. "हात गेला माझा, काका," ते म्हणाले. "उतरा."

लोक उतरले. आम्ही चाक उघडलं तेव्हा बेअरिंग निळं पडलेलं होतं आणि त्याच्या आतल्या गोट्या धरून बसवणारी पट्टी एका जागी फाटली होती. जीप हिंगोलीपर्यंत पोचली असती की नाही, सांगता येत नव्हतं. सुभाषने ते बेअरिंग हातात घेऊन बघितलं आणि लेकरांकडे बघितलं. मग त्याने दुसरी गाडी बोलावण्यासाठी फोन लावला. वऱ्हाड तासभर लिंबाखाली बसलं. शांताबाई घराघरातून घागरी आणून त्यांना पाणी देत होती. मिस्त्री दूर, एका ओट्यावर एकटे बसले होते. तो म्हातारा चुलता काठी टेकत त्यांच्याजवळ गेला आणि शेजारी बसला. दुसरी गाडी आली तेव्हा म्हातारा उठला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वऱ्हाडाबरोबर गेला.

असली बातमी फाट्यावर पोचायला वेळ लागत नाही. लोक वाईट बोलले असं मी कुठे ऐकलं नाही. उलट असा माणूस मिळत नाही असंच म्हणायचे, आणि गाडी पुढच्या गॅरेजात लावायचे. त्यात त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. काही जण आवाज ऐकायला मिस्त्रींना घेऊन जायचे. ते ऐकून सांगायचे, काय आहे, कुठे आहे, आणि हे कुणाकडून करून घ्या. पाना त्यांनी परत हातात धरला नाही. पावसाळ्यात शेड रिकामी झाली. हत्यारं त्यांनी फाट्यावरच्याच एका मेकॅनिकला दिली. मी त्या दिवशी नेमका पिंपळदरीला होतो, माझं जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी माझी बदली सेनगावला झाली. जाण्याआधी भेटून येऊ म्हणता म्हणता तेही राहिलं. आपण किती गोष्टी राहू देतो, ते नंतर मोजायला बसलं की कळतं.

तीन वर्षांनी बकऱ्यांच्या लसीकरणासाठी मदतीला म्हणून मला पुन्हा कळमनुरी तालुक्यात पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तांड्यावर गेलो. दुपारची वेळ होती. माणसं शेतात गेलेली, घरं शांत. शांताबाईने मला लांबूनच ओळखलं, पण उठली नाही. तोंडावर बोट ठेवून खूण केली.

मिस्त्री अंगणात मांडवाखाली बाजेवर झोपले होते. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड अर्धवट उघडं. अंग फार वाळलं होतं. उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं, तिथे पट्टी बांधलेली होती. मी इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर तो दमलेपणा नव्हता, निदान झोपेत तरी.

शांताबाई बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती, हातात ओढणीचा एक तुकडा. मी हळू आवाजात विचारलं, कसे आहेत? ती म्हणाली, नांदेडला दोनदा नेलं, आता साखर ताब्यात आहे, पण जखम भरायला वेळ लागतो. बरं बोलतात, जेवतात. तुमची आठवण काढतात. उठवू का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो.

गोठ्यात तिच्या चार बकऱ्या होत्या. मी एकट्यानेच त्यांना धरून सुया दिल्या. ती बसल्या जागेवरून सांगत होती, कोणती गाभण आहे, कोणती चावते. मी म्हणालो, वहिनी, जरा येऊन ही एक धरता का? ती म्हणाली, "न्हाई डाक्टर, मला उठता येत न्हाई. त्यांच्या पायावर माशा बसतात. त्यांला कळत न्हाई."

आणि तिने तो ओढणीचा तुकडा पट्टीवरून हळूच फिरवला.